ईमची दफनभूमी

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात डोंगरउतारावर ईम नावाचे एक खेडे आहे. तेथील सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात लहानशी दफनभूमी असून तिच्यात आठव्या शतकातील एक कोरीव दगडी क्रूस उभा आहे. गावातील मूल बाप्तिस्म्यासाठी याच चर्चमध्ये येई आणि आयुष्य सरल्यावर याच आवारात त्याला मूठमाती मिळे. १६६६ साली मात्र हा क्रम खंडित झाला.

१६६५ च्या उन्हाळ्याअखेरीस लंडनहून गावातील शिंप्याकडे कापडाचे गाठोडे आले व त्यातील पिसवांबरोबर प्लेग आला, असे परंपरा सांगते. हिवाळ्यात मंदावलेली साथ पुढील उन्हाळ्यात पुन्हा उसळली. तेव्हा तरुण धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि धर्ममतांवरून पदच्युत झालेले त्यांचे पूर्वाधिकारी थॉमस स्टॅन्ली मतभेद विसरून एकत्र आले. जून १६६६ मध्ये गावाने तीन निर्णय घेतले. वेस कोणी ओलांडावयाची नाही. प्रार्थना उघड्यावर, कक्लेट डेल्फ या घळीत व्हावयाची. आणि ज्याने त्याने आपले मृत आपल्याच परसात वा शेतात पुरावयाचे. अन्नधान्य वेशीवर ठेवले जाई. त्याचे मोल म्हणून व्हिनेगारमध्ये बुडवलेली नाणी दगडाच्या खळग्यांत ठेवीत.

या तिन्हींत तिसरा निर्णय सर्वांत जड होता. पूर्वजांशेजारची पवित्र जागा आणि धर्मगुरूंच्या मुखातील अखेरची प्रार्थना, या दोहोंना श्रद्धाळू माणसे मुकणार होती. ऑगस्टमध्ये एलिझाबेथ हॅनकॉक या स्त्रीने आठ दिवसांत पती व सहा अपत्ये गमावली आणि घराजवळच्या शेतात त्यांना पुरले. रायली येथील ती थडगी आजही दाखवितात. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीन हिचे थडगे मात्र चर्चच्या आवारातच आहे. २५ ऑगस्ट १६६६ रोजी तिचा अंत झाला.

या कथेला पुढील काळात भाविकतेची झळाळी चढली. मॉम्पेसन यांनी आपली मुले आधीच बाहेरगावी धाडली होती आणि संचारबंदी कितपत स्वेच्छेची होती, याविषयी अभ्यासकांत दुमत आहे. तरीही बहुसंख्य गरीब माणसे गावातच राहिली व मेली, हे विसरता येत नाही. १८९६ नंतरच्या प्लेगात आपल्याकडील कित्येक गावे ओस पडून माणसे रानात झोपड्या घालून राहिली. त्या आठवणी ज्या घरांत सांगितल्या जातात, तेथे ईमचे दुःख परके वाटणार नाही.

नोव्हेंबर १६६६ मध्ये साथ थांबली, तोवर सुमारे २६० माणसे दगावली होती. त्यांपैकी कितीतरी जणांच्या कबरी कोठे आहेत, हे कोणी सांगू शकत नाही. त्यांची नावे उरली ती चर्चच्या मृत्युनोंदीत. दरवर्षी ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी गावकरी कक्लेट डेल्फमध्ये जमतात आणि प्रार्थना करतात. ईमच्या दफनभूमीचा इतिहास सांगताना म्हणूनच तेथे ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांचे स्मरण आधी करावे लागते.