बाह्य इंजिन-नियंत्रण प्रणाली आणि संवेदकदोषांचे निदान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला की बिघाड कळतो, ही गोष्ट आज स्वाभाविक वाटते. परंतु स्वतःचा दोष स्वतः सांगण्याची ही क्षमता यंत्राच्या गरजेतून नव्हे, तर प्रदूषणविषयक कायद्यातून निर्माण झाली. ज्या मोटारीत मूळ नियंत्रक काढून बाहेरचा नियंत्रक बसविला जातो, तेथे ही बाब प्रकर्षाने जाणवते. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

संवेदकांचा प्रवेश :
अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीची इलेक्ट्रोजेक्टर ही प्रणाली १९५८ मध्ये क्रायस्लरच्या मोजक्या मोटारींत बसविण्यात आली. मात्र त्यांपैकी बहुतेक मोटारींना पुन्हा कार्बोरेटर लावावे लागले. पुढे जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० साठी डी-जेट्रॉनिक प्रणाली आणली. इंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेचा दाब आणि तापमान यांवरून ती इंधनाचे प्रमाण ठरवीत असे. १९७६ मध्ये व्होल्व्होने लॅम्ब्डा संवेदक वापरला, तर १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२ आय मध्ये इंधन व ठिणगी या दोहोंचे नियंत्रण एकाच संगणकाकडे आले.

कायदा आणि निदान :
कॅलिफोर्निया राज्याने १९८८ पासूनच्या मोटारींना स्वयंनिदान बंधनकारक केले. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींसाठी समान दोषसंकेत लागू झाले. उदाहरणार्थ, शीतक-तापमान संवेदकाची तार तुटल्यास ‘पी ०११८’ हा संकेत नोंदविला जातो.

बाह्य नियंत्रकाची वाट :
ऑस्ट्रेलियात १९८६ मध्ये हॅलटेक व १९८७ मध्ये मोटेक या कंपन्या स्थापन झाल्या. २००१ च्या सुमारास ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट हा स्वतः जोडणी करावयाचा स्वस्त नियंत्रक उपलब्ध करून दिला. शर्यतीच्या संघांपुरते मर्यादित असलेले तंत्र त्यामुळे हौशी मालकांपर्यंत पोहोचले. मात्र मूळ उत्पादकाने त्या विशिष्ट इंजिनासाठी केलेली दोषतपासणी नियंत्रकासोबतच नाहीशी झाली. आजच्या अनेक बाह्य नियंत्रकांत संवेदकाच्या मर्यादा नोंदविण्याची सोय असते; पण त्या मर्यादा मालकालाच ठरवाव्या लागतात.

निदानाची पद्धती :
तापमान-संवेदकाचा विद्युत रोध उष्णतेने घटतो. तार तुटल्यास नियंत्रकाला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि तो त्याचा अर्थ ‘कडाक्याची थंडी’ असा लावतो. मर्यादा ठरवून दिली नसेल, तर तो इंधन वाढवितो व स्पार्क प्लग काजळतात. याउलट दुसऱ्या बनावटीच्या संवेदकाचा तक्ता भरला गेल्यास निर्दोष संवेदकही सदोष वाटतो. एक्झॉस्ट पाइपला फट असल्यास बाहेरची हवा आत शिरते. लॅम्ब्डा संवेदक तिच्यातील ऑक्सिजन अचूक मोजतो, पण नियंत्रक त्यावरून मिश्रणात इंधन कमी आहे असा चुकीचा निष्कर्ष काढतो.

म्हणून जाणकार प्रथम संवेदक बदलत नाहीत. ते साक्षी ताडून पाहतात. रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीत शीतक व हवा यांचे तापमान जवळपास सारखेच दिसले पाहिजे. इंजिन बंद असताना चावी फिरविल्यास दाब-संवेदकाने वातावरणाचा दाब, म्हणजे समुद्रसपाटीला सुमारे १०० किलोपास्कल, दाखविला पाहिजे. सर्वच आकडे एकदम सरकले, तर संवेदकांपेक्षा त्यांच्या सामाईक अर्थिंगवर संशय घ्यावा लागतो. यानंतर मल्टिमीटरने प्रत्यक्ष व्होल्टेज मोजून नियंत्रकातील नोंदीशी त्याची तुलना केली जाते.

समारोप :
एकाच साधनावर विसंबून न राहता अनेक साधनांची परस्परांशी पडताळणी करणे, हा इतिहाससंशोधनाचा नियम येथेही लागू पडतो. कायद्याने निदानाचे काम यंत्राकडे सोपविले. बाह्य नियंत्रकाने ते पुन्हा माणसाकडे आणले. यंत्रात बदल करण्याचे स्वातंत्र्य हवे असेल, तर त्याचे दोष ओळखण्याची जबाबदारीही स्वीकारावी लागते, हेच या इतिहासावरून स्पष्ट होते.