पुतळीचं कूळ व्हेनिसचं

पिंपरी-चिंचवडच्या सराफी पेढ्यांत ‘पारंपरिक मराठमोळे’ म्हणून जे दागिने मांडतात, त्यांत ठुशी, मोहनमाळेच्या जोडीला पुतळीहार हमखास असतो. त्यातल्या पुतळीचं कूळ मात्र इटलीतलं.

1284 साली व्हेनिसच्या टांकसाळीत सोन्याचं डुकाट पाडायला सुरुवात झाली. वजन साडेतीन ग्रॅम, कस 99 टक्क्यांच्या वर. एका बाजूला नगराचा रक्षक संत मार्क उभा. त्याच्यापुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे तिथला निवडून आलेला राज्यप्रमुख. संत त्याच्या हाती राज्याचं निशाण देतोय. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांनी भरलेल्या लंबगोलात येशू. पुढे रेनेसान्समध्ये इटलीतली चित्रं, शिल्पं, दागिने सगळं पालटलं, पण 1797 साली नेपोलियनने ते राज्य बुडवेपर्यंत हा छाप जवळजवळ तसाच राहिला. बदलणार कसा? परमुलखातला व्यापारी छाप ओळखूनच नाणं घ्यायचा!

मिरी आणि कापडाच्या मोबदल्यात ही नाणी तांबड्या समुद्राच्या वाटेने आपल्या बंदरांत उतरली. आकृत्यांवरून ती ‘पुतळ्या’ झाली. सभासदाच्या बखरीत शिवरायांच्या खजिन्याच्या यादीत पुतळ्या आहेत. पेशवाईत खुद्द चिंचवडला टांकसाळ होती, पण गळ्यात मिरवायचा मान पुतळीला.

सोनारांनी नाण्याला कडी डाकली, पटवेकऱ्यांनी ती रेशमात गाठवली. मागणी वाढली तसे इथेच ठसे निघाले. ठसा कोरणाऱ्याला लॅटिन कुठून येणार? अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या झाल्या. मधली निशाणाची काठी टिकली आणि दोन्ही बाजूंच्या आकृत्यांत लोकांना राम-सीता दिसू लागले. पुढे लक्ष्मीही आली.

आजची पुतळी पातळ पत्र्यावर ठशाने उठवतात. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये डायखाली गाडीचा दरवाजा निघतो, तीच ही करामत. ‘एक ग्रॅम’वाल्या हारात तर सोनं मुलाम्यापुरतंच. ज्या नाण्याची पत कसावर होती, त्याचा कस गेला आणि छाप उरला. हार दिसतो झकास, तरी मला हे खटकतं.

आजीच्या डब्यात जुनी जाड पुतळी असेल, तर मोडीत घालण्याआधी भिंगाखाली धरा. काठीलगत एकाखाली एक ‘डक्स’ची (लॅटिनमध्ये डोज) तीन रोमन अक्षरं स्वच्छ दिसली, तर सराफाच्या आधी एखाद्या नाणेतज्ज्ञाला गाठा.