मांडीवरील गिटारचे कुंडल : दुरुस्ती आणि ऐतिहासिक पुरावा

जुन्या वस्तूची दुरुस्ती हा कारागिराचा विषय आणि तिचा इतिहास हा संशोधकाचा विषय, अशी वाटणी सामान्यतः केली जाते. परंतु काही वस्तूंच्या बाबतीत ही वाटणी टिकत नाही. ज्या क्षणी कारागीर त्यांना हात लावतो, त्याच क्षणी त्यांच्या इतिहासाचा काही अंश कायमचा नाहीसा होतो किंवा प्रथमच उजेडात येतो. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी फिरवून वाजविली जाणारी विद्युत् गिटार, म्हणजेच लॅप स्टील, हे अशा वस्तूंचे एक उत्तम उदाहरण होय. तिच्या पिकअपमधील तांब्याच्या तारेचे कुंडल तुटले की ते नव्याने गुंडाळावे लागते. ही कृती वाद्याला आवाज परत देते, पण मूळ कुंडल मात्र नष्ट करते. म्हणून या कुंडलाचा इतिहास आणि त्याची दुरुस्ती यांचा विचार एकत्रच केला पाहिजे.

(१) उगम

तारांवर पोलादाचा तुकडा सरकवून गिटार वाजविण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः हवाई बेटांतील जोसेफ केकुकु यांना दिले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजलेली ही पद्धत १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत विलक्षण लोकप्रिय झाली. लोकप्रियतेबरोबर एक अडचण उभी राहिली. वाद्यवृंदात या गिटारचा आवाज ऐकू येत नसे. धातूच्या कंपनशील शंकूंनी आवाज वाढविण्याचा एक प्रयत्न १९२७ च्या सुमारास नॅशनल या कंपनीने केला. त्या प्रयत्नात सहभागी असलेले आणि स्वतः हवाई पद्धतीची गिटार वाजविणारे जॉर्ज बोशाम्प यांनी पुढे वेगळा मार्ग धरला. हवेतील कंपन मोठे करण्याऐवजी तारेच्या कंपनाचे थेट विद्युत्-प्रवाहात रूपांतर करावे, ही त्यांची कल्पना होती.

या कल्पनेमागील तत्त्व जुनेच होते. चुंबकीय क्षेत्रात बदल घडला की त्या क्षेत्रातील कुंडलात विद्युत्-दाब उत्पन्न होतो, हे फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखविले होते. चुंबकाच्या सान्निध्यात पोलादी तार स्वतः चुंबकित होते. ती कंप पावली की क्षेत्र हलते आणि कुंडलातून तिच्या कंपनाशी जुळणारा क्षीण प्रवाह निघतो. १९३१ मध्ये हॅरी वॉटसन यांनी लाकडात कोरलेल्या नमुन्यावर हा प्रयोग सिद्ध झाला. १९३२ पासून ओतीव ॲल्युमिनियमची गिटार विक्रीस आली. गोल अंग व लांब दांडा यांमुळे तिला ‘फ्राइंग पॅन’ हे नाव पडले. बोशाम्प यांना पेटंट मिळण्यास मात्र १० ऑगस्ट १९३७ हा दिवस उजाडावा लागला. तोवर गिब्सनसारख्या कंपन्यांनीही आपापली विद्युत् गिटार बाजारात आणली होती.

पहिल्या कुंडलाविषयीची एक नोंद येथे अर्थपूर्ण ठरते. तार गुंडाळण्यासाठी बोशाम्प यांनी कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर वापरली, असे सांगितले जाते. त्यांचे साहाय्यक पॉल बार्थ यांच्या सांगण्याप्रमाणे नंतर शिवणयंत्राची मोटर वापरात आली. यंत्र कोणतेही असो, निष्कर्ष एकच. हे कुंडल मोजमापांच्या तक्त्यातून नव्हे, तर हाताच्या अंदाजातून जन्मले.

(२) रचनाभेद

बोशाम्प यांच्या रचनेत नालेच्या आकाराचे दोन पोलादी चुंबक समोरासमोर ठेवलेले असून तारा त्यांच्या पोटातून जातात. कुंडल तारांच्या खाली असते आणि त्यात प्रत्येक तारेखाली एक धातूची खुंटी असते. महायुद्धापूर्वी हे चुंबक दीड इंच रुंद होते. युद्धानंतर ते सव्वा इंच झाले. जाणकार वादक आजही हा पाव इंच वाद्याच्या कालनिर्णयासाठी प्रथम पाहतात.

लिओ फेंडर आणि डॉक कॉफमन यांनी १९४४ मध्ये पेटंटसाठी सादर केलेल्या रचनेत तर तारा प्रत्यक्ष कुंडलाच्याच पोकळीतून जातात. फेंडर यांच्या चॅम्पियन या लॅप स्टीलचे पिकअप पुढे १९५० मधील उभ्या धरण्याच्या विद्युत् गिटारच्या पिकअपचे पूर्वरूप ठरले. मांडीवरच्या या साध्या वाद्याकडे दुय्यम म्हणून पाहिले जाते. पण विद्युत् गिटारच्या सर्व परंपरेची मुळे त्याच्याच कुंडलात आहेत.

भारताशीही या वाद्याचा संबंध आला. हवाईचे ताऊ मो १९४० च्या दशकात कलकत्त्यास राहिले, आणि मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी विद्युत् हवाईयन गिटारवर चित्रपटगीतांच्या धुना वाजवून ती घराघरांतील ध्वनिमुद्रिकांवर पोचविली.

(३) कुंडलाचा ऱ्हास

पिकअपच्या तारेची जाडी माणसाच्या केसाएवढी असते. अमेरिकन मोजणीतील ४२ क्रमांकाची तार सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीची भरते. अशा तारेच्या ७,००० ओहम रोधाच्या कुंडलात सुमारे १,२८० मीटर तांबे असते. एवढ्या लांबीत एका ठिकाणी जरी खंड पडला तरी वाद्य मुके होते.

खंड पडण्याची कारणे ठरावीक आहेत. वादकाच्या हाताचा घाम आणि हवेतील ओलावा आत शिरून तांब्यावर हिरवा गंज चढवितात. समुद्रकाठच्या शहरांत ही क्रिया अधिक वेगाने होते. चुंबक किंवा खुंट्या कुंडलाला थेट टेकलेल्या असतील, तर त्यांचा गंज आतल्या वेढ्यांना खातो. डाख देताना वापरलेल्या आम्लाचा अवशेष सांध्यापाशी वर्षानुवर्षे काम करीत राहतो. साचा आकसतो आणि तार ताणली जाते. याखेरीज एक फसवा दोष असतो. वेढ्यांवरील लेप झिजून शेजारचे वेढे एकमेकांस चिकटतात. अशा वेळी रोध जवळजवळ पूर्वीइतकाच दिसतो, पण आवाज मात्र क्षीण व निस्तेज होतो.

(४) दुरुस्तीची पद्धत

सुज्ञ कारागीर प्रथम कुंडलावर संशय घेत नाही. बाहेर जाणारी तार, सांधे, आवाजाचे नियंत्रक हे सारे तपासून झाल्यावरच तो कुंडलाकडे वळतो. बाहेरच्या टोकाशी खंड असेल तर काही वेढे उलगडून नवा सांधा देता येतो आणि मूळ कुंडल वाचते. खंड आत असेल तरच पुनर्वेष्टनाचा मार्ग उरतो.

नालाकृती चुंबक काढताना विशेष सावधगिरी लागते. जुन्या पोलादी चुंबकाचे चुंबकत्व नंतरच्या मिश्रधातूंच्या मानाने सहज कमी होते. म्हणून तो सुटा होताच त्याच्या दोन्ही ध्रुवांवर मऊ लोखंडाची पट्टी ठेवावी, आपटू देऊ नये, आणि मूळ ध्रुवांची दिशा आधीच लिहून ठेवावी.

त्यानंतर येतो खरा प्रश्न : वेढे किती? गंजलेली तार उलगडताना जागोजागी तुटते, म्हणून मोजणी अशक्य होते. येथे वजन साहाय्यास येते. काढलेल्या सर्व तारेचे वजन करून तिच्या जाडीवरून लांबी काढावी आणि तिला एका वेढ्याच्या सरासरी लांबीने भागावे. वर दिलेल्या उदाहरणातील तांबे सुमारे ३६ ग्रॅम भरेल. केवळ रोधावरून वेढे ठरविणे मात्र धोक्याचे असते, कारण ४३ क्रमांकाची बारीक तार तेवढ्याच लांबीत सुमारे पाव पट अधिक रोध दाखविते. शिवाय तांब्याचा रोध तपमानाबरोबर वाढतो. २० अंश व ३० अंश सेल्सियस यांतील फरक सुमारे चार टक्के असतो. वेढे वाढले की कुंडलाचे प्रेरकत्व त्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि वरच्या स्वरांची धार बोथट होते. म्हणजे ही मोजणी चुकली तर वाद्य बोलेल, पण दुसऱ्याच आवाजात.

(५) पाठ आणि शुद्धिपत्र

येथे कारागिराचा प्रश्न पाठचिकित्सेच्या प्रश्नाशी येऊन मिळतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने एक शिस्त घालून दिली. संपादकाने पाठ निवडावा, पण टाकलेले पाठभेद तळटीपेत जतन करावेत. पुनर्वेष्टनात नेमके उलट घडत आले. कारागीर ‘उत्तम’ आवाज देतो, जुनी तार फेकून देतो आणि त्याने काय टाकले हे कुठेच लिहिलेले नसते. पुढच्या पिढीला तेच वाद्य मूळ म्हणून दिसते आणि त्यावरून १९३० च्या दशकातील आवाजाविषयी सिद्धान्त मांडले जातात. सिद्धान्त कितीही काटेकोर असला तरी त्याचा आधार दुरुस्त्याची आवडनिवड हाच राहतो.

याचा अर्थ दुरुस्ती टाळावी असा नव्हे. मुके वाद्य हाही अपुरा पुरावा आहे. वाद्याचे सत्य त्याच्या नादात असते, काचेच्या कपाटात नसते. मात्र प्रत्येक पुनर्वेष्टनाबरोबर तारेची जाडी, लेपाचा रंग, गुंडाळण्याची दिशा, ध्रुवांची मांडणी, मोजलेला रोध व तपमान आणि काढलेल्या तारेचे वजन यांची नोंद झाली पाहिजे. जुन्या तारेचा एक नमुनाही वाद्याच्या पेटीत राहिला पाहिजे. एवढे केल्यास कारागीर हा पुरावा नष्ट करणारा न राहता त्याचा संपादक ठरेल. ज्यांनी पहिली कुंडले अंदाजाने गुंडाळली त्यांनी आकडे मागे ठेवले नाहीत. ते आकडे आता फक्त त्या गंजलेल्या तारांत शिल्लक आहेत, आणि तार एकदा फेकली की तेही उरत नाहीत.