किल्लारीनंतरची ओवी

हा मागच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जिथे गडबडलो, तिथे थोडा नीट केलाय.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. ६.२ तीव्रतेच्या भूकंपात किल्लारी, सास्तूर परिसरातली गावं कोसळली. सुमारे १०,००० माणसं गेली. मारलं ते घरांनी. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छत अंगावर आलं.

माझा जन्म नंतरचा, नांदेडचा. आजीचं माहेर मात्र किल्लारीजवळचं. तिची धाकटी बहीण त्या पहाटे गेली. विषय काढला की "असू दे रे" म्हणून आजी उठायची. पण जात्यावर बसली की ओवीत बहिणीचं नाव यायचं. गिरणी आमच्या गल्लीतच होती, तरी मूठभर डाळ भरडायची म्हणून ती जातं मांडायची.

ओवीची ही जुनी सोय. पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीआडून बाईला माहेराचं, गेलेल्या माणसाचं बोलता येतं आणि कुणी उलटून काही विचारत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. भूकंपही पहाटे, दळणाच्याच वेळेला झाला, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पण तीच आजी छताखाली झोपायची नाही. कितीही ओव्या म्हटल्या तरी तिची वाकळ अंगणातच. विसर्जनाचे ढोल वाजले की दार लावून बसायची. आम्हा पोरांना वाटायचं, हिला गणपतीच आवडत नाही. शेवटी काकांनी मागच्या बाजूला पत्र्याची खोली काढून दिली. नांदेडचा मे महिना आणि वर पत्रा! पण तिथे ती झोपली. पत्रा पडला तर माणूस मरत नाही, हा तिचा हिशोब. इंजिनिअर म्हणून सांगतो, हलक्या छताचा तो हिशोब बरोबरच होता.

एकदा ती दळत असताना मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. तिनं स्क्रीनवरचा लाल ठिपका बघितला आणि नुसतीच दळत राहिली.