दिल्ली ते सान फ्रान्सिस्को

* लेखकाने दिलेले सुमारे साडेबारा हजार कि.मी. हे पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजावे तसे अंतर. विमान त्या वाटेने जाईलच असे नाही. एअर इंडियाचे विमान आधी अटलांटिकवरून सुमारे १३,९०० कि.मी. उडत असे. ऑक्टोबर २०१६मध्ये ते पॅसिफिकवरून नेले. अंतर सुमारे १५,३०० कि.मी. झाले, तरी वेळ मात्र दोनेक तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. अटलांटिकच्या वाटेवर समोरून येणारे पश्चिमी वारे आता पाठीशी होते. शिवाय सान फ्रान्सिस्कोचे घड्याळ दिल्लीच्या बरेच मागे असते, म्हणून पहाटे निघालेला प्रवासी त्याच तारखेच्या सकाळी उतरतो. प्रकरणातला तारखांचा घोळ त्यामुळे छपाईचा दोष समजू नये.
— संपादक