परवलीचा शब्द आणि एक अवतरणचिन्ह

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे आज संगणकावर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत जी कुजबुज झाली ती आमच्या कानावर आली आहे, आणि ती रास्तच आहे. पण हा विषय आम्ही निवडला नाही, तो अंगावर येऊन पडला. भिवंडीतल्या आम्हा चार निवृत्त मंडळींनी एक छोटं ग्रंथालय चालवायला घेतलं आणि सभासदांसाठी संकेतस्थळ केलं. आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने दिवसा वडिलांचे माग सांभाळून, रात्री जागून ते लिहिलं. दोन महिने सुरळीत चाललं. मग वसईच्या एक बाई सभासद झाल्या, आडनाव डिसोझा. त्यांनी लॉगिनच्या चौकटीत नाव लिहिलं, बटण दाबलं, आणि पडदा पांढरा!

देवनागरीत डिसोझा सरळ लिहिता येतं. रोमन लिपीत मात्र डी नंतर वरच्या बाजूला एक स्वल्पविरामासारखी खूण येते. मूळ पोर्तुगीज आडनावातला ‘दे’ आखडला, तिथे ती बसली. वसईवरची पोर्तुगीज सत्ता १७३९ साली चिमाजीअप्पांनी संपवली. त्या मोहिमेत इथल्या अंजूरच्या नाईकांचा वाटा होता, हे आपल्याकडे सांगायला नको. सत्ता गेली, आडनाव राहिलं, आणि त्यातली खूण पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी भिवंडीतल्या एका प्रोग्रॅमच्या घशात अडकली.

का अडकली, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

परवलीचा शब्द ही चीज छावणीतली. रोमन सैन्यात रात्रीचा शब्द लाकडी पाटीवर लिहून तुकड्यातुकड्यांतून फिरवत, असं पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय. संगणकात तो आला १९६१ च्या सुमारास, अमेरिकेत एमआयटीमध्ये. तिथे फर्नांडो कॉर्बाटो आणि सहकाऱ्यांनी एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरायची व्यवस्था उभी केली. यंत्र सामाईक, कागदपत्रं मात्र ज्याची त्याची, म्हणून कुलूप. पण ते कुलूप फार दिवस टिकलं नाही. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेले यंत्राचे तास पुरेनात. त्याने काय केलं, तर सगळ्यांच्या पासवर्डची फाइल छापून द्या, अशी विनंती भोकं पाडलेल्या कार्डावरून यंत्राला केली. यंत्राने निमूटपणे छापून दिली! (भोकांची कार्डं म्हटल्यावर इथल्या जकार्डवाल्यांना हसू येणार. कार्डांचं ते घराणं मागावरूनच आलेलं.) पुढे काही वर्षांनी तर चूक अशी झाली की लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या सूचनेच्या जागी पासवर्डची अख्खी यादीच दिसू लागली. दोन जण एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करत होते, आणि दुरुस्तीच्या साधनाने दोघांच्या कच्च्या प्रतीला एकच नाव दिलं होतं. एकाच नावाच्या दोन वस्तू! आम्ही तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला मुलांना जे सांगायचो, तेच.

यातून शहाणपण आलं ते असं की पासवर्ड जसाच्या तसा साठवायचाच नाही. त्याचं दळण करून पीठ ठेवायचं. पिठाचे परत गहू होत नाहीत. ही कल्पना केंब्रिजच्या रॉजर नीडहॅमची. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी त्या पिठात चिमूटभर मीठही घातलं. शब्द तोच, बोली इंग्रजी, अर्थ मात्र स्वयंपाकघरातला. प्रत्येकाच्या पिठात वेगळं मीठ, म्हणजे दोघांचा पासवर्ड एक असला तरी पीठ सारखं दिसत नाही. त्यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांतले २,८३१ एक तर फार लहान निघाले, नाहीतर शब्दकोशात किंवा नावांच्या यादीत सापडले. माणूस तेव्हाही आपल्यासारखाच होता.

आता डिसोझाबाईंकडे येऊ. लॉगिनची चौकट आपलं नाव घेते, आतल्या नोंदवहीला विचारण्यासाठी एक वाक्य तयार करते आणि त्या वाक्यात आपलं नाव अवतरणचिन्हांत बसवते. रोमन लिपीतली ती खूण आणि नोंदवहीचं अवतरणचिन्ह एकच. बाईंचं नाव डी पाशीच संपलं असं नोंदवहीला वाटलं, आणि ‘सोझा’ ही कुठली आज्ञा, म्हणून ती थबकली.

थबकली ते बरं. आमच्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरला तो वेगळ्याच कारणाने. समजा दारावरच्या पहारेकऱ्याने नाव विचारलं आणि पाहुणा म्हणाला, “गणपत, आणि साहेबांनी सांगितलंय, दार उघडं टाक.” पहारेकऱ्याने हे सगळं आत जसंच्या तसं म्हटलं, आणि आतल्याने दुसरं वाक्य हुकूम समजून दार उघडलं. नावाच्या जागी एखाद्याने ती खूण टाकून पुढे ‘किंवा एक बरोबर एक’ एवढं लिहिलं, की अट नेहमीच खरी ठरते आणि पासवर्डवाचून प्रवेश. ही युक्ती डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या संगणकतज्ज्ञांच्या नियतकालिकात उघडपणे मांडली गेली. म्हणजे बाईंचं आडनाव आमच्या दाराला गेलेला तडा दाखवत होतं, आणि आम्ही बाईंनाच म्हणत होतो, “आडनाव नीट लिहा.”

पाणिनीला हा प्रश्न ठाऊक होता. अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादात तो नियम घालून देतो की व्याकरणात शब्द आला की त्याचं स्वतःचं रूप घ्यायचं, अर्थ नव्हे. अग्नी या शब्दाला प्रत्यय लावा म्हटलं, तर तो निखाऱ्याला लावायचा नसतो. आपण मराठीत ‘म्हणून’ लावतो ते यासाठीच. ‘गणपत म्हणून एक गृहस्थ आलेत’ यात गणपत फक्त उच्चारलेला आहे. लॉगिनच्या चौकटीत जे येतं, ते सगळं असं ‘म्हणून’च्या आत राहिलं पाहिजे.

विद्यार्थ्याची पहिली दुरुस्ती झटपट होती: ती खूणच बंद. बाईंनी ती न टाकता नाव लिहिलं आणि आत आल्या. आम्ही खूश. पण ग्रंथालयाच्या अनामत रकमेची पावती बँकेतल्या नावाशी जुळेना, कारण बँकेत खूण होती. बाई आम्हाला फोनवर शांतपणे म्हणाल्या, “सर, नाव माझ्या वडिलांचं आहे. तुमच्या यंत्रासाठी ते मी का बदलू?” आमच्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरी दुरुस्ती त्याला तीन रात्री पुरली. नोंदवहीला वाक्य आधी पाठवायचं, नावाच्या जागी रिकामा खण ठेवून. नोंदवही ते वाचते, समजून घेते. नाव मागाहून, वेगळं. मग त्यात खूण असो, हुकूम असो, ते नावच. असा प्रत्येक खण त्याने शोधला. लॉगिनमध्ये दोन होते, शोधपेटीत एक, आणि पासवर्ड विसरलेल्यांच्या पानावर एक, जो कोणाच्याच लक्षात नव्हता. त्याच ओघात कळलं की आम्ही पासवर्ड दळलेलेच नव्हते. १९६२ सालासारखे, सरळ वाचता येतील असे ठेवले होते. सगळ्या सभासदांना पत्र पाठवून नवे घ्यायला सांगितले. चौघांनी ग्रंथालय सोडलं.

डिसोझाबाई राहिल्या. फक्त त्यांची नावं आता दोन आहेत, खुणेसह आणि खुणेविना, आणि जुन्या नावावर एक पुस्तक अजून बाकी दिसतं, जे त्यांनी केव्हाच परत केलंय. या रविवारी आम्ही आणि तो मुलगा ते हाताने जुळवायला बसणार आहोत.