वाफेचे फावडे आणि माणसाचे हात

आगगाडीला सरळ चढ मानवत नाही; तिच्यासाठी टेकड्या फोडाव्या लागतात आणि दऱ्या बुजवाव्या लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे काम कुदळ, फावडे आणि हातगाडी यांच्यावरच चाले. ते वाफेकडे सोपविण्याची कल्पना अमेरिकेतील विल्यम ओटिस या तरुणाने प्रत्यक्षात आणली. मॅसॅच्युसेट्समधील वेस्टर्न रेलरोडच्या बांधकामावर त्याचे यंत्र माती उपसू लागले, आणि फेब्रुवारी १८३९ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले.

यंत्राची रचना साधी होती. रुळांवरील गाड्यावर बाष्पक आणि एंजिन. पुढे यारीची भुजा. तिला दांड्यावर बसविलेले लोखंडी डोल. साखळीच्या ओढीने डोल मातीत घुसे, भरून वर येई, यारी बाजूला वळे आणि डोलाचा तळ उघडताच माती वाघिणीत पडे.

परंतु त्याच वर्षी, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, ओटिस निवर्तला. त्याची मोजकीच यंत्रे तयार झाली. त्यांतील काही रशियात गेली. पेटंटच्या बंधनाने यंत्राचा प्रसार रोखला हे खरे. पण त्याहून मोठा अडसर स्वस्त मजुरीचा होता. आयर्लंडहून आलेले मजूर अल्प वेतनावर राबत असता महागडे यंत्र कोण घेणार?

हाच हिशेब इतर देशांतही दिसतो. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटाचा लोहमार्ग झाला. तेथील कठीण काळ्या पाषाणापुढे त्या वेळचे वाफेचे फावडे एकटे टिकलेही नसते. पहारीने भोके पाडून, सुरुंग लावून, फुटलेला दगड डोक्यावर वाहून पंचवीस बोगदे खोदले गेले. ऐन भरात चाळीस हजारांवर माणसे तेथे खपत होती, आणि पटकीच्या साथींत त्यांतील कित्येक दगावली.

पेटंटची मुदत संपल्यावर आणि अमेरिकेतील लोहमार्ग झपाट्याने वाढू लागल्यावर, विशेषतः १८७० नंतर, या यंत्राचे दिवस पालटले. पुढे १९०४ ते १९१४ या काळात अमेरिकेने पनामाचा कालवा पुरा केला तो अशाच, पण कितीतरी अवजड, फावड्यांच्या साह्याने.

शोध लागला म्हणजे युग बदलले, असे होत नाही. माणसाचे श्रम स्वस्त असतात तोवर यंत्र वाट पाहत राहते. आणि त्या प्रतीक्षेची किंमत मजुराला मोजावी लागते.